‘रोज यायची गरज नाही’ म्हणणाऱ्या कॉलेजात बी.एड. करू का?

प्रश्न थोडक्यात असा: मी गणित घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेत शिक्षिका व्हायचं नक्की आहे. गावाजवळच्या एका बी.एड. कॉलेजात चौकशी केली तर म्हणाले, ‘रोज यायची गरज नाही, परीक्षेला या, फायली तयार मिळतील.’ मैत्रिणी म्हणतात, तेवढ्या वेळात टीईटी आणि टेट या शिक्षक होण्यासाठीच्या परीक्षांचा अभ्यास होईल. वडील म्हणतात, बी.एड. करून घरी बसलेले गावात चार जण आहेत. बारावीतल्या धाकट्या भावालाही शिक्षकच व्हायचंय. काय करावं?

तुला ‘तू’ म्हणते, कारण तुझ्याच वयाच्या मुलामुलींचे बी.एड.चे सरावपाठ बघण्यात माझी बावीस वर्षं गेली. त्याआधी नऊ वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे मतं जरा ठाम झाली आहेत, सांभाळून घे.

त्या कॉलेजात जाऊ नकोस. का ते सांगते, पण त्याआधी एक गोष्ट तू लिहिलेलीच नाहीस: कितवीच्या मुलांना शिकवायचंय? आपल्याकडे बहुतेक जण आधी पदवी घेतात आणि मग ती कुठल्या वर्गाला चालते ते शोधत बसतात. पहिली ते पाचवीच्या लहान मुलांत रमणार असशील तर बी.एड. तुझ्या कामाचं नाही. त्यासाठी डी.एल.एड. लागतं, म्हणजे जुन्या लोकांचं डी.एड. मधली काही वर्षं बी.एड.वाल्यांनाही प्राथमिकचा दरवाजा उघडला होता, पण ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो बंद केला. सहावी ते आठवीला पदवी, बी.एड. आणि टीईटी. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. अकरावी-बारावीला शिकवायचं तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. दोन्ही. तू गणिताची, तेव्हा सहावी ते दहावी हा तुझा पट्टा धरून पुढे बोलते. पुढे एम.एस्सी. केलीस तर ज्युनिअर कॉलेजही खुलं होईल, पण ते आत्ताच डोक्यात घेऊ नकोस.

आता कॉलेजबद्दल.

एक पाठ आठवतो. सहावीचा वर्ग, अपूर्णांकांची बेरीज. पाठ घेणारा मुलगा एम.एस्सी. झालेला, हुशार, अक्षर तर असं की फळा पुसू नये वाटावं. लसावि काढून छेद समान करायची रीत त्याने नीट मांडली, तीन उदाहरणं सोडवली आणि विचारलं, ‘समजलं का?’ वर्ग एका सुरात ‘होऽऽ’ म्हणाला. मी मागच्या बाकावर बसले होते. शेजारच्या मुलीच्या वहीत लिहिलेलं होतं: १/२ + १/३ = २/५. अंश अंशात मिळवला, छेद छेदात. तास संपल्यावर त्या मुलाला ती वही दाखवली आणि विचारलं, ‘अर्ध्या भाकरीत अजून एक तृतीयांश घातली. उत्तर दोन पंचमांश आलं. दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?’ तो थबकला. ‘कमी.’ मग म्हटलं, हेच तिला का नाही विचारलंस? तो खरं बोलला: ‘मॅडम, तिचं चुकतंय हे मला दिसलंच नाही.’

दुसऱ्या दिवशी त्याने तोच पाठ पुन्हा घेतला. कागदाच्या पट्ट्या आणल्या होत्या, घड्या घालून अर्धा आणि तिसरा हिस्सा शेजारी शेजारी लावला, आणि मुद्दाम त्याच मुलीला जवळ बोलावलं. ती पट्टीकडे बघून स्वतःच म्हणाली, ‘घातलं तरी कमी कसं झालं?’ लसाविचं नाव नंतर आलं, आणि तेव्हा ते तिला हवं होतं म्हणून आलं.

बी.एड.मध्ये विकत घेण्यासारखं काही असेल तर ते एवढंच: तुझा पाठ चालू असताना मागच्या बाकावर बसून वर्गाकडे बघणारं कोणी तरी. नोकरी लागल्यावर ते मिळत नाही. मुख्याध्यापक दारातून डोकावतील, तपासणीला आलेले साहेब टाचण वही बघतील, पण पाठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघून तुझ्या कुठल्या प्रश्नावर वर्ग गप्प झाला हे सांगणारं कोणी येणार नाही. ‘यायची गरज नाही’ म्हणणारं कॉलेज फीचे सगळे पैसे घेऊन नेमकं तेवढंच काढून घेतं. बाकीचं, म्हणजे मानसशास्त्राचे सिद्धान्त, शिक्षणाचा इतिहास, मूल्यमापनाचे प्रकार, तू घरी पुस्तकातूनही वाचू शकतेस.

नियमाचीही बाजू आहे. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं ते काही उगाच नाही. न्यायमूर्ती वर्मा आयोगाने २०१२ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणाची अवस्था तपासून मुदत वाढवायला सांगितलं, आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ च्या नियमावलीत तशी तरतूद केली. त्याच नियमावलीत तासांना ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी आहे. पहिल्याच भेटीत हे मोडायला सांगणारी माणसं उद्या तुझे कागद अडचणीत आले तर तुझ्या बाजूने उभी राहतील असं वाटतं का? तुझ्या गावातल्या त्या चार जणांनी बी.एड. कुठून केलं, हेही एकदा शांतपणे विचारून बघ.

मग चांगलं कॉलेज ओळखायचं कसं? माहितीपुस्तिकेवरून नाही, आणि कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या श्रेणीवरूनही नाही. शासकीय किंवा अनुदानित कॉलेजात नंबर लागला तर फी कमी पडते, म्हणून पसंतीक्रमात ती वर टाक. पण त्याआधी कामाच्या दिवशी अकरा-साडेअकराला तिथे जा. दुसऱ्या वर्षाची मुलं कॉलेजात किंवा सरावशाळेत दिसतात का बघ. त्यांनाच विचार: आत्तापर्यंत किती पाठ झाले? निरीक्षणाला कोण बसतं, आणि तासभर बसतं की सही करून उठतं? गणिताचे पाठ गणिताचे अध्यापकाचार्य बघतात की जे मोकळे असतील ते? एखाद्या मुलाची निरीक्षण वही हातात घेऊन शेरे वाच. ‘छान. आवाज वाढवा. फलकलेखन सुधारा.’ असं पानोपान एकच असेल तर निघून ये. ‘चौथ्या उदाहरणाला मागच्या दोन रांगा सुटल्या’ असा एक जरी शेरा सापडला तरी तिथे कोणीतरी बघतंय असं समज. आणि हो, परिषदेची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता त्या वर्षापुरती चालू आहे ना, हे राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या प्रवेशयादीवरून तपासून घे.

प्रवेशाचं फार काही अवघड नाही. पदवीला खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५, आणि राज्याची बी.एड. सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत. बुद्धिमत्ता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. शेवटच्या वर्षाला असलेल्यांना बसता येतं. इंग्रजी माध्यमातून करायचं असेल तर वेगळी भाषेची चाचणीही द्यावी लागते. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव सारखं असणं, ही कामं आत्ताच उरकून घे. दरवर्षी चांगली मुलं कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेरीत कागदांपायी अडकतात, गुणांपायी नाही.

पद्धतीचे विषय, म्हणजे जे शिकवायची रीत शिकायची ते, निवडताना गणितासोबत विज्ञान घे. सहावी ते आठवीच्या जागा गणित-विज्ञान अशा जोडीनेच निघतात, आणि टीईटीच्या दुसऱ्या पेपरातही तोच गट आहे. शिवाय छोट्या शाळेत गणिताच्या बाईंना विज्ञान मिळणारच.

कॉलेज सुरू झालं की पहिले काही आठवडे सूक्ष्म अध्यापन असेल. सहा मिनिटांचा पाठ, समोर मुलं म्हणून बसलेले तुझेच मित्र, आणि एका वेळी एकच कौशल्य: प्रश्न विचारणं, स्पष्टीकरण, फलकलेखन, दिग्दर्शन (करून दाखवणं), प्रबलन (शाबासकी देऊन उत्तेजन देणं). सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक), बारा मिनिटांत पुन्हा नियोजन, सहा मिनिटं पुन्हा पाठ आणि पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण, असं छत्तीस मिनिटांचं चक्र असतं. खोटं खोटं वाटेल. बावीस-तेवीस वर्षांचा मित्र हात वर करून ‘बाई, बेरीज म्हणजे काय?’ विचारतो तेव्हा हसू येणारच. हसा, पण प्रश्न कौशल्याचा पाठ मात्र गंभीरपणे घे. तुझे प्रश्न मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. किती प्रश्नांचं उत्तर नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ येतं, आणि प्रश्न विचारल्यावर तू किती सेकंद थांबतेस, एवढंच मोज. बहुतेक जणी दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळ्या होतात. मीही व्हायचे.

पाठटाचणाबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. त्यात शिक्षककृती आणि विद्यार्थीकृती असे दोन रकाने असतात. शिक्षककृतीचा रकाना भरभरून लिहिलेला आणि विद्यार्थीकृतीत वरपासून खालपर्यंत ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात’. विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकत नाहीत ग. ते पेनाचं टोपण चावतात. म्हणून माझ्या मुलांना मी उजवा रकाना आधी भरायला लावायचे: या मिनिटाला मूल काय करतंय, वहीत काय लिहितंय, त्याचं उत्तर बहुधा कसं चुकणार आहे. ते ठरलं की डावा रकाना आपोआप छोटा होतो. थर्माकोलच्या तक्त्यांवर रात्री जागवू नकोस. कागद, दोरी, काडेपेटीच्या काड्या आणि फळा यांत दहावीपर्यंतचं बरंचसं गणित दाखवता येतं.

माझा पहिला सरावपाठ पस्तीस मिनिटांचा होता. तयारी एवढी होती की तो सतरा मिनिटांत संपला. उरलेली अठरा मिनिटं मी फळा पुसत आणि पुन्हा तेच लिहीत काढली. मागे बसलेल्या सरांनी मदत केली नाही. वहीत एकच ओळ होती: ‘वर्ग घड्याळाकडे बघत होता, शिक्षिकाही.’ त्या दिवशी रडले. नंतरच्या पाठांत मात्र मी मुलांना बोलू द्यायला लागले, निदान वेळ तरी जाईल म्हणून! मग लक्षात आलं की मुलं बोलतात तेव्हाच कळतं, त्यांच्या डोक्यात काय चाललंय.

आता इंटर्नशिप. आमच्या कागदोपत्री तिला शालेय आंतरवासिता म्हणतात. दोन वर्षांत मिळून वीस आठवडे, त्यातले सोळा बहुतेक करून दुसऱ्या वर्षी. सगळ्या कोर्सचा जीव या सोळा आठवड्यांत आहे आणि सगळ्यात जास्त वाया जातात तेही हेच. शाळा तुम्हाला ऑफ तासांवर पाठवणार, स्नेहसंमेलनाच्या नाचाला उभं करणार, पेपरच्या गठ्ठ्यांना दोऱ्या बांधायला लावणार. ते करावं, शाळा अशाच चालतात. पण पहिल्याच आठवड्यात त्या शाळेच्या गणित शिक्षकांकडे जाऊन एक मागणी कर: एका वर्गाचा एक पूर्ण घटक मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत द्या. सुटे सुटे पाठ घेतले की सगळे चांगलेच वाटतात, कारण कालच्या पाठाचं पोरांच्या डोक्यात काय राहिलं हे बघायला तू उद्या तिथे नसतेस. आठवीचा बैजिक राशींच्या अवयवांचा घटक घे. नियोजन तू कर, शिकव, वह्या तपास, घटक चाचणी काढ, पेपर तपास, आणि ज्यांना दहाच्या आत गुण पडले त्यांना पुन्हा शिकव. कृतिसंशोधनाचा, म्हणजे वर्गातल्याच एका अडचणीवर करायच्या छोट्या अभ्यासाचा, विषयही यातूनच निघेल. नाही तर दुकानातल्या तयार प्रकल्पाचं मुखपृष्ठ बदलून देणाऱ्यांत तूही जाशील.

शाळा निवडायची संधी मिळाली तर जिल्हा परिषदेची किंवा साधी अनुदानित शाळा माग. नोकरी तशाच शाळेत लागण्याची शक्यता जास्त. आणि तिथे आता बऱ्याच ठिकाणी सेमी इंग्रजी आहे. छेद म्हणायचं, डिनॉमिनेटर लिहायचं, परिमेय संख्या समजावायच्या आणि रॅशनल नंबर्स म्हणून पेपरात विचारायच्या. या दोन्ही भाषांत सराईतपणे ये-जा करता येणारे शिक्षक फार थोडे आहेत.

तुझ्या बी.एस्सी.च्या गणितावर मात्र विसंबू नकोस. वास्तव विश्लेषण आणि समूह सिद्धान्त शिकून आलेल्या मुलींना दहावीच्या भूमितीची रचना करताना कंपास धरता येत नाही, हे मी दरवर्षी पाहिलंय. बालभारतीची पाचवी ते दहावीची गणिताची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. या उन्हाळ्यात सगळे सरावसंच हाताने सोडव. सोडवताना समासात लिही: इथे मूल कुठे चुकेल? ही वही तुला सरावपाठाला लागेल, टीईटीला लागेल आणि मुलाखतीलाही लागेल.

परीक्षांबद्दल मैत्रिणींचं अर्धं खरं आहे. अभ्यास लागतो, पण त्यासाठी कॉलेज सोडावं लागत नाही. एक गोंधळ आधी दूर करू, कारण फोनवर निम्मी मुलं यात अडकतात: टीईटी वेगळी आणि ‘टेट’ वेगळी. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, दीडशे गुणांची. सहावी ते आठवीच्या पेपरात बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र ३०, दोन भाषा प्रत्येकी ३०, आणि गणित-विज्ञान ६०. ६० टक्के, म्हणजे ९० गुण मिळाले की पास, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. प्रमाणपत्र आता कायमचं चालतं. गणितवाल्या मुली ६० च्या भागावर निर्धास्त असतात आणि मराठी व्याकरणात पडतात, तेव्हा तिकडे लक्ष दे. केंद्राची सीटीईटीही देऊन ठेव. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलं. त्यामुळे शेजारच्या बाकावर तुझे जुने गुरुजी दिसले तर दचकू नकोस, नमस्कार कर.

टेट, म्हणजे टीएआयटी, ही अभियोग्यता आणि बुद्धिमत्तेची चाचणी. दोनशे प्रश्न, दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. १२० अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. पवित्र या शासनाच्या शिक्षकभरतीच्या पोर्टलवरची निवड या गुणांवर चालते, म्हणून इथे नुसतं पास होऊन भागत नाही, वर यावं लागतं. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षात रोज एक तास घड्याळ लावून सराव पुरे. इंटर्नशिपच्या सोळा आठवड्यांत हा तासही बंद ठेवलास तर माझी हरकत नाही.

आता वडिलांचं. ते चुकीचं बोलत नाहीयेत, त्यांच्याशी वाद घालू नकोस, आकडे समोर ठेव. टेट पहिल्यांदा २०१७ च्या डिसेंबरात झाली, दुसऱ्यांदा २०२३ मध्ये, तिसऱ्यांदा २०२५ मध्ये. पहिल्या दोघींत पाच वर्षांचं अंतर पडलं. त्या काळात बी.एड. झालेली किती तरी मुलं वय वाढत गेलं तशी दुसऱ्या कामाला लागली. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर: २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, ज्युनिअर कॉलेजला २० हजार. आधी हे सहा, आठ, नऊ हजार होतं. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी. विनाअनुदानित शाळांत याहूनही कमी पगारावर लोक राबतात. आणि संस्थेत जागा आहे, ‘बाकीचं नंतर बोलू’ असं म्हणणारे भेटले तर वडिलांना तिथूनच परत आण. त्या ‘बाकीच्या’ पायी शेत विकलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

तुझ्या बाजूने दोन गोष्टी आहेत. गणित-विज्ञानाची माणसं भाषा-इतिहासाच्या तुलनेत कमी असतात. आणि शासकीय भरती रखडली तरी वर्गात उभं राहता येणाऱ्या गणिताच्या शिक्षिकेला खासगी शाळा रिकामं बसू देत नाहीत. तरी वडिलांना मुदत सांग: बी.एड.ची दोन वर्षं आणि त्यानंतरची एक भरती. तोवर एम.एस्सी. चालू ठेवता येते. मुदत ठरली की घरातली रोजची धुसफूस कमी होते, हे अनुभवाचं आहे.

एक वर्षाचं बी.एड. पुन्हा येणार असं तुला कोणी सांगेल. परिषदेने २०२५ च्या सुरुवातीला तसा मसुदा काढला, पण तो चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी आहे. तीन वर्षांच्या बी.एस्सी.वाल्यांनी त्यासाठी थांबण्यात अर्थ नाही.

भावाने मात्र चार वर्षांच्या एकात्मिक कोर्सचा, म्हणजे पदवी आणि बी.एड. एकत्रच होतं त्याचा, जरूर विचार करावा. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता हीच ठरवली आहे, आणि २०२३-२४ पासून निवडक संस्थांत तो सुरू झाला. त्यासाठी एनसीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. एक वर्ष वाचतं. पण सतराव्या वर्षी ‘मला शिक्षकच व्हायचंय’ हे खरं की बहिणीचं बघून, एवढं त्याला विचार. उन्हाळ्यात वाडीतली पाच-सहा पोरं ओट्यावर गोळा करून त्याला महिनाभर पाढे आणि अपूर्णांक शिकवू दे, आणि तू मागे बसून बघ.